सामाजिक न्यायाचा तास

मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला झाला आणि लगेचच त्यातल्या एका श्लोकावरून रान पेटलं. मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाची सुरुवात मनुस्मृतीतल्या श्लोकाने केलेली होती. श्लोक वडीलधाऱ्यांना अभिवादन करण्याविषयीचा, म्हणजे वरवर पाहता निरुपद्रवी. पण ज्या ग्रंथाचं दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झालं, त्याच ग्रंथाच्या आधाराने याच राज्यातल्या मुलांना मूल्यं शिकवायची, हे अनेकांना मान्य होणं शक्य नव्हतं. महाडला पुन्हा आंदोलन झालं, त्यात बाबासाहेब आंबेडकरांचं चित्र असलेला कागद फाटला आणि वाद भलतीकडेच गेला. मनुस्मृतीला अभ्यासक्रमात स्थान नाही, असं शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं. श्लोकाचा प्रश्न मिटला. जात, लिंगभेद आणि गरिबी यांविषयी शाळेने मुलांशी काय बोलावं आणि कसं बोलावं, हा मूळ प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला.

शाळेत सामाजिक न्याय शिकवावा की नाही, यावर आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी भडका उडतो. प्रत्येक वेळी भांडण एखाद्या धड्यावरून, चित्रावरून किंवा वगळलेल्या पानावरून होतं. ही भांडणं गरजेची आहेत. पण गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव आणि गेल्या वीस वर्षांतलं संशोधन एकत्र मांडलं, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. मुलं न्याय शिकतात ती धडा, शिक्षक आणि वर्गात शेजारी कोण बसलं आहे, या तिन्हींच्या मेळातून. यातला धडाच तेवढा आपण वादाला घेतो आणि उरलेल्या दोन गोष्टी सोडून देतो. या लेखात तिन्हींचा आढावा घ्यायचा आहे.

प्रश्न जुना आहे

महाराष्ट्रात या वादाची सुरुवात अभ्यासक्रमापासून झाली नाही, शाळेच्या दारापासून झाली. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. मुंबई सरकारपुढे प्रश्न आला तो असा: एका मुलाला घेतलं आणि बाकीची सगळी मुलं निघून गेली तर काय करायचं? सरकारने तेव्हा बहुसंख्यांची बाजू सांभाळली. दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, निव्वळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असतील असं धोरण जाहीर झालं. पण कागदावरचं हे धोरण गावच्या शाळेच्या ओसरीपर्यंत पोचायला पिढ्या गेल्या.

त्याच सुमारास पुण्यात वेगळं काही घडत होतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्माच्या नावाने चालणारा अन्याय, पेशवाईतले जुलूम, आपल्या समाजातल्या बाळंतिणींचे हाल, हे सगळं एका शाळकरी मुलीने प्रश्न विचारत मांडलं होतं. सामाजिक न्याय हा विषय मुलांच्या कुवतीबाहेरचा आहे असं म्हणणाऱ्यांना सगळ्यात जुनं आणि सगळ्यात सणसणीत उत्तर या निबंधात आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी आणखी दोन मागण्या केल्या: निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा. काय शिकवायचं याइतकाच कोण शिकवणार हाही प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढे साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहू लागली. स्वयंपाक मुलंच करत आणि एका पंगतीला बसून जेवत. ज्या काळात गावात पाणवठा वेगळा होता, त्या काळात हे रोज दोन वेळा घडत होतं. तिथे समतेचं वेगळं पुस्तक नव्हतं, त्याची गरजही नव्हती.

याच साताऱ्यात काही वर्षं आधी भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेलं गोणपाट वर्गात वेगळं अंथरून बसत असे. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तरच त्याला पाणी मिळे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचा शाळाप्रवेश झाला; तो दिवस महाराष्ट्रातल्या शाळा २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतात. त्या दिवशी बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर भाषणं होतात. गोणपाटाची गोष्ट किती शाळांमध्ये मुलांना सांगितली जाते, हे प्रत्येकाने आपल्या जवळच्या शाळेत जाऊन विचारावं.

पुस्तकांची वीस वर्षं

स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षं नागरिकशास्त्र म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, राष्ट्रपतींचे अधिकार, असा समज होता. हक्क आणि कर्तव्यांच्या याद्या पाठ करायच्या, परीक्षेत उतरवायच्या आणि विसरून जायच्या. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने यात मोठा बदल केला. यशपाल त्या आराखड्याच्या समितीचे अध्यक्ष होते आणि कृष्ण कुमार एनसीईआरटीचे संचालक. सहावी ते आठवीच्या नागरिकशास्त्राच्या जागी ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ नावाची पुस्तकं आली. सहावीच्या पुस्तकात बाबासाहेबांचा १९०१ मधला प्रवास आला: वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्थानकावर उतरतात आणि जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. सातवीच्या पुस्तकात दलित लेखक ओमप्रकाश वाल्मीकींचा शाळेतला जातिभेदाचा अनुभव आला, घरकाम करणारी कांता आली. आठवीत वंचितपणावर दोन पूर्ण प्रकरणं आली.

त्या पुस्तकांनी विषय कथेतून मांडला आणि शेवटी मुलांना प्रश्न विचारले. भेदभाव घडला कसा, तो कोणी थांबवू शकलं असतं, तुमच्या आसपास असं काही दिसतं का? शिक्षकांना हे अवघड गेलं, कारण या प्रश्नांची उत्तरं गाइडमध्ये मिळत नव्हती. माझ्या मते आपल्या देशात शालेय पातळीवर या विषयाला दिलेलं ते सगळ्यात प्रामाणिक रूप होतं.

यानंतरची कहाणी काटछाटीची आहे. नववीच्या इतिहासात त्रावणकोरमधल्या नाडार स्त्रियांनी अंग झाकण्याच्या हक्कासाठी केलेल्या लढ्याचा भाग होता. तो २०१६ मध्ये सीबीएसईने परीक्षेतून वगळला आणि २०१९ मध्ये ते प्रकरणच पुस्तकातून गेलं. करोनाकाळात ओझं कमी करण्याच्या कारणाने २०२० मध्ये एका वर्षासाठी अकरावीतला नागरिकत्व, धर्मनिरपेक्षता, संघराज्य हा भाग बाजूला ठेवला गेला. २०२२ मध्ये एनसीईआरटीने सुसूत्रीकरणाच्या नावाखाली कायमची काटछाट केली. दहावीतून लोकशाही आणि विविधता, लोकलढे आणि चळवळी ही प्रकरणं गेली. बारावीतून जनआंदोलनांचं प्रकरण गेलं आणि त्याबरोबर १९७२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरची ओळखही गेली. मराठी समाजातून उभी राहिलेली, देशभर गाजलेली ही चळवळ. बारावीच्या मुलांना ती राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून कळायची सोय आता उरली नाही. पुढे नव्या धोरणानुसार आलेल्या सहावीच्या पुस्तकात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र झाले आणि ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ हे स्वतंत्र पुस्तक राहिलं नाही.

बालभारतीचा प्रवास संमिश्र आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या नव्या पुस्तकात आई आणि वडील मिळून भाजी निवडताना दिसले, तेव्हा देशभर त्याची दखल घेतली गेली. एका चित्राने घर बदलत नाही. पण ‘आई स्वयंपाक करते, बाबा ऑफिसला जातात’ या साच्यातून पुस्तक बाहेर पडलं, हे थोडं नव्हे. याच राज्यात त्याच्या दोनच वर्षं आधी बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलगी कुरूप असणं हे हुंड्याचं एक कारण म्हणून छापलेलं होतं. गदारोळ झाला आणि मजकूर काढण्याची घोषणा झाली. सामाजिक प्रश्न पुस्तकात असणं पुरेसं नसतं, हे त्या पानाने दाखवून दिलं. हुंडा मागणाऱ्याऐवजी मुलीच्या चेहऱ्याकडे बोट दाखवणारा धडा नसलेलाच बरा.

आक्षेप कोणते आणि त्यांचं वजन किती

विरोध करणारे सगळे एका माळेचे मणी नाहीत. त्यांचे आक्षेप वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

पहिला आक्षेप वयाचा. मुलं निरागस असतात, त्यांना जात शिकवून त्यांच्या डोक्यात विष का कालवायचं? हा आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. पण त्यांच्या घरातल्या मुलाला जात ठाऊक नाही, असं त्यांना वाटतं ते त्या मुलाला जातीचे चटके बसत नाहीत म्हणून. ज्याला बसतात त्याला ती पाचव्या-सहाव्या वर्षीच कळते: कोणाच्या घरी पाणी मागायचं नाही, आडनाव विचारलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत देशातल्या २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरात कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळली जाते असं स्वतःहून सांगितलं होतं. त्या घरांतली मुलं शाळेत येतात. शाळेने गप्प राहायचं ठरवलं, तर घरचा धडा तेवढा शिल्लक राहतो.

दुसरा आक्षेप विचार लादण्याचा. शाळा मुलांना एका पक्षाचा, एका विचारसरणीचा चष्मा घालतील, ही भीती. ती निराधार नाही. सरकार बदललं की पुस्तकं बदलतात, हे आपण सगळ्या पक्षांच्या राज्यात पाहिलं आहे. २०२२ मध्ये कर्नाटकात पाठ्यपुस्तकांची फेररचना अशा रीतीने झाली की देवनूर महादेव यांच्यासारख्या ज्येष्ठ लेखकाने आपल्या लेखनाची परवानगी मागे घेतली. २००८ मध्ये केरळात सातवीच्या पुस्तकातल्या एका धड्यात वेगवेगळ्या धर्मांचे आईवडील आपल्या मुलाचा धर्म कोरा ठेवतात, असा प्रसंग होता. धडा नास्तिकता शिकवतो म्हणून निरनिराळ्या धर्मांच्या संघटना रस्त्यावर आल्या आणि त्या आंदोलनादरम्यान मलप्पुरम जिल्ह्यात मारहाणीनंतर एका मुख्याध्यापकाचा जीव गेला. लहान मुलांच्या पुस्तकावरून माणूस मरावा, इतकं हे प्रकरण तापू शकतं.

या आक्षेपाला माझं उत्तर संविधानात आहे. अस्पृश्यता पाळणं हा अनुच्छेद १७ प्रमाणे गुन्हा आहे. तो कोणत्या पक्षाचा विचार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांना धरून असला पाहिजे. तेव्हा अन्याय वाईट की चांगला, यावर शाळेने तटस्थ राहायची गरज नाही. आरक्षण कसं असावं, किती काळ असावं, कोणाला मिळावं, यावर मात्र वर्गात दोन्ही बाजू आल्याच पाहिजेत आणि मुलाला वेगळं मत असण्याची मुभा हवी. ही रेघ पाळणारा शिक्षक विचार लादत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. तो येतो ज्यांच्यासाठी हे शिक्षण चालल्याचं सांगितलं जातं त्यांच्याकडून. नाडारांच्या लढ्याचा भाग वगळला जावा, ही मागणी खुद्द नाडार समाजातून आणि तमिळनाडूतल्या पक्षांकडून आली होती. त्या मजकुरातली भाषा त्यांना आपल्या पूर्वजांचा अपमान करणारी वाटली. २०१२ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या व्यंगचित्रावरून संसद हादरली. शंकर यांचं १९४९ मधलं ते चित्र होतं: संविधानाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. पुस्तक २००६ पासून वर्गांत होतं. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव या मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचं समर्थन होऊच शकत नाही. पुस्तक चांगलं होतं, असंही मी म्हणेन. पण चाबकाखालचे बाबासाहेब पाहून चाळीस मुलांच्या वर्गात बसलेल्या एका दलित मुलाला काय वाटेल, हा प्रश्न पुस्तक करताना कोणाला पडला होता का, असं विचारणाऱ्यांचाही मुद्दा खरा होता.

वाल्मीकींचा प्रसंग वर्गात मोठ्याने वाचला जातो तेव्हा काय होतं, याची कल्पना करून पाहा. वाचन चालू असताना काही माना एका बाकाकडे वळतात. त्या बाकावरच्या मुलाला त्या क्षणी पुस्तकातल्या न्यायापेक्षा वळलेल्या माना जास्त जाणवतात. शिक्षकाने आधी काही तयारी केली नसेल, तर सहानुभूती शिकवायला निघालेला धडा त्या मुलाला उघडं पाडून जातो. म्हणून धडा काढून टाकावा, असं मी म्हणत नाही. हा धडा शिकवण्याची तालीम शिक्षकाला मिळायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

सातासमुद्रापलीकडेही हे भांडण आपल्याच लोकांनी नेलं. कॅलिफोर्नियातल्या सहावीच्या इतिहासात जातीव्यवस्थेविषयी काय लिहावं, यावरून २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये तिथल्या भारतीयांत सरळ दोन तट पडले. जातीच्या उल्लेखाने आमच्या मुलांना शाळेत चिडवतील, असं एका गटाचं म्हणणं होतं. उल्लेख गेला तर आमचा इतिहासच पुसला जाईल, असं तिथल्या दलित संघटनांचं. दोन्ही बाजूंच्या पालकांना काळजी आपापल्या मुलाच्या मानाचीच होती. फरक इतकाच की पहिल्या गटाची अडचण शिक्षकाच्या कौशल्याने दूर होऊ शकते. दुसऱ्यांचा पुसलेला इतिहास कोणत्याही कौशल्याने परत येत नाही.

पुरावा काय सांगतो

या वादात मतं भरपूर आहेत. सुदैवाने आता काही भक्कम पुरावाही हाताशी आहे.

हरियाणात २०१४ ते २०१६ या काळात ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने सरकारी शाळांतल्या सातवी-आठवीच्या मुलामुलींबरोबर लिंगभावावर काम केलं. दर तीन आठवड्यांनी पाऊण तासाचं एक सत्र, असं साधारण अडीच वर्षं. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन या अर्थतज्ज्ञांनी ३१४ शाळांत त्याची शास्त्रशुद्ध पाहणी केली. काही शाळांत सत्रं झाली, काहींत झाली नाहीत; त्या शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या होत्या. सत्रं झालेल्या शाळांत लिंगभेदाची जी मतं आढळत होती, त्यांतली सुमारे १६ टक्के बदलली. मुलगे घरकामात जास्त हात लावू लागले. कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही हा परिणाम टिकून होता. हरियाणासारख्या, मुलींच्या घटत्या प्रमाणासाठी बदनाम असलेल्या राज्यात हे घडलं. मुलांच्या डोक्यात घरून आलेलं असतं, शाळा काय करणार, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे नीट पाहावेत. त्याचबरोबर हेही पाहावं की इथे एका धड्याने काम झालेलं नाही. अडीच वर्षं, ठरावीक अंतराने, तयारीच्या माणसांनी घेतलेली चर्चा लागली.

दुसरा पुरावा दिल्लीचा. २००७ मध्ये तिथल्या नामांकित खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्या. त्यामुळे श्रीमंत घरातल्या मुलांवर काय परिणाम झाला, हे गौतम राव यांनी तपासलं. ज्या वर्गांत गरीब मुलं होती, तिथली श्रीमंत मुलं अधिक उदार झाली आणि भेदभाव कमी करू लागली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी कपडे आणि घराणं न पाहता पळणाऱ्याला निवडण्याचं प्रमाण वाढलं. हिंदी-गणिताच्या गुणांवर काही परिणाम झाला नाही, इंग्रजीच्या गुणांत थोडीशी घट झाली. ‘ती मुलं आमच्या शाळेत आली तर दर्जा घसरेल’ हे वाक्य ज्या पालकांच्या तोंडी असतं, त्यांच्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. परिसरातल्या सगळ्या मुलांनी परिसरातल्या एकाच शाळेत शिकावं, ही शेजारशाळेची शिफारस त्या अहवालात होती आणि आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. शिफारस कागदावर राहिली. तिचा एक छोटा तुकडा शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांच्या रूपाने आला. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली. शहरांत तर बहुतेक खासगी शाळा त्यातच बसणाऱ्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. त्या श्लोकाच्या वादाची शाई वाळण्याआधीच झालेला हा निकाल मुलांच्या आयुष्याशी कितीतरी जास्त निगडित होता. रस्त्यावर मात्र त्यासाठी फारसं कोणी उतरलं नाही.

शाळा स्वतः कशी वागते

तिसरा पुरावा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. निम्मी मुलं वरच्या मानलेल्या जातींची, निम्मी खालच्या. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक नव्हता. नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुलं तीच, कोडी तीच. वर्गात फक्त एक घोषणा झाली होती.

आता आपल्या एखाद्या नेहमीच्या शाळेत जून-जुलैमध्ये काय चालतं ते आठवा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात. शिक्षक हजेरीपत्रक घेऊन येतात आणि म्हणतात, ‘एससी, व्हीजेएनटीच्या मुलांनी उभं राहा.’ मुलं उभी राहतात. कोणी दाखला आणला नाही म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खातं. बाकीचे तीस-पस्तीस जण बसून बघत असतात. काही दिवसांनी कोणाच्या खात्यात किती पैसे आले, यावर मधल्या सुट्टीत चेष्टा होते. शिक्षकाच्या मनात वाईट काहीच नसतं. त्याच्यामागे माहिती भरायची घाई असते, ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख असते. पण हॉफ आणि पांडे यांनी प्रयोगात केलेली घोषणा आपल्या शाळेत दरवर्षी होते. त्याच दिवशी दुसऱ्या तासाला समतेचा धडा असला, तर मुलं कोणता धडा लक्षात ठेवतील?

गुणदानातही हेच दिसतं. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी उत्तरपत्रिकांवर विद्यार्थ्याची जात हवी तशी बदलून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या मानलेल्या जातीचं नाव असलेल्या पत्रिकांना थोडे पण सातत्याने कमी गुण मिळाले. विशेष म्हणजे हा फरक मुख्यतः स्वतः त्या जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला. भेद माणसाच्या मनात किती खोल मुरतो आणि तो केवळ ‘त्यांच्यात’ असतो असं मानणं किती चुकीचं आहे, हे यातून कळतं. शिक्षकांचं प्रशिक्षण सगळ्यांसाठीच हवं, ते यासाठी.

तमिळनाडूने हा प्रश्न अंगावर घेतला तो एका भयंकर घटनेनंतर. ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्याने हल्ला केला. त्यानंतर न्या. के. चंद्रू यांची समिती नेमली गेली आणि जून २०२४ मध्ये तिचा अहवाल आला. हातात जातीच्या रंगाचे धागे बांधून शाळेत येण्यावर बंदी, शाळांच्या नावांतून जातीचे उल्लेख काढणं, विद्यार्थ्यांचं सामाजिक न्याय पथक, अशा शिफारशी त्यात आहेत. काहींवर टीकाही झाली. पण शाळेचा रोजचा व्यवहार हाच अभ्यासक्रमाचा भाग आहे, असं एका सरकारी समितीने स्पष्ट म्हटलं, हे मला मोलाचं वाटतं.

महाराष्ट्रातही चांगली कामं आहेत. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनच्या ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रमाची सुरुवात २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांतून झाली आणि पुढे तो राज्यभर गेला. संविधानातली मूल्यं गोष्टी, खेळ आणि गटकामातून मुलांपर्यंत नेण्याचा तो प्रयत्न आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने आणि फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या शाळेने आसपासच्या जगाशी वर्गाचं नातं कसं जोडावं हे दाखवलं. जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत संविधानाची उद्देशिका वाचली जाते. पाठांतर हा प्रारंभ म्हणून ठीक आहे. ‘दर्जाची व संधीची समानता’ हे शब्द रोज म्हणणाऱ्या मुलीने, ‘मग आमच्या वस्तीतल्या मुली सातवीनंतर शाळेत का येत नाहीत?’ असं विचारलं आणि शिक्षकाने त्या प्रश्नाला तास दिला, तर उद्देशिकेचं काम झालं असं म्हणता येईल.

मग करायचं काय

माझं मत स्पष्ट आहे. सामाजिक न्याय शाळेत शिकवलाच पाहिजे आणि जात, लिंगभेद, गरिबी यांची नावं घेऊन शिकवला पाहिजे. ‘सर्वांशी प्रेमाने वागा’ एवढ्या गुळमुळीत मूल्यशिक्षणाने काही साधत नाही. पण तो शिकवण्याची जबाबदारी एकट्या पाठ्यपुस्तकावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

यासाठी चार गोष्टी ताबडतोब करता येण्यासारख्या आहेत. एक, पुस्तकातून कोणतंही प्रकरण वगळताना त्याची कारणं लेखी जाहीर व्हावीत, आणि ज्या समाजाविषयीचा मजकूर आहे त्या समाजातल्या शिक्षक-अभ्यासकांचं म्हणणं लिहिताना आणि वगळताना ऐकलं जावं. दोन, डी.एल.एड. आणि बी.एड.मध्ये असे धडे शिकवण्याचा प्रत्यक्ष सराव असावा: वर्गात कोणी जातीवरून बोललं तर काय करायचं, कोणाला उघडं न पाडता चर्चा कशी घ्यायची, दोन बाजू कुठे मांडायच्या आणि कुठे ठाम राहायचं. तीन, शिष्यवृत्ती, जातीचे दाखले आणि त्यांविषयीची सगळी कामं पालकांशी थेट, वर्गाबाहेर व्हावीत. याला एक रुपयाही खर्च नाही. चार, २५ टक्क्यांच्या जागा पूर्ण भरल्या जाव्यात आणि त्या मुलांची वेगळी तुकडी करणाऱ्या शाळांवर कारवाई व्हावी.

यातलं तिसरं काम करायला सरकारी निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तुम्ही पालक असाल तर पुढच्या बैठकीला जा आणि दोन प्रश्न विचारा: आमच्या शाळेत शिष्यवृत्तीची नावं कशी घेतली जातात, आणि जेवताना मुलं कोणाशेजारी बसतात? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तुम्ही शिक्षक असाल, तर या जूनमध्ये ती यादी वर्गात मोठ्याने वाचू नका.